इंटरनेट जोडताच थिजणारा घरगुती संगणक : कारणांचा शोध व उपाय

सात-बाराचा उतारा पाहणे, अनुदानाच्या योजनेसाठी अर्ज भरणे, पीक विम्याची नोंदणी करणे, बाजारभाव व हवामानाचा अंदाज पाहणे, दुधाच्या जमेचा हिशेब ठेवणे इत्यादी कामे आता अनेक शेतकरी कुटुंबांत घरच्या संगणकावर होऊ लागली आहेत. नांगर, पंप किंवा फवारणीचे यंत्र यांप्रमाणे संगणक हेही शेतीचे एक अवजार झाले आहे. ऐन पेरणीत पाभर मोडली तर वाफसा निघून जातो. त्याचप्रमाणे अर्जाच्या अखेरच्या दिवशी संगणक अडला तर त्या वर्षाचा लाभ हातचा जातो. म्हणून या अवजाराची निगा व दुरुस्ती यांची प्राथमिक माहिती प्रत्येक कुटुंबात निदान एकास तरी असणे अगत्याचे आहे.

संगणकाविषयी नेहमी ऐकू येणारी एक तक्रार अशी की, इंटरनेट जोडलेले नसताना तो सुरळीत चालतो. परंतु इंटरनेट जोडताच थोड्याच वेळात थिजतो. पडद्यावरील बाण हलत नाही, कळफलकावरील कळा दाबून उपयोग होत नाही, आणि चालू असलेले काम तसेच अडकून पडते. व्यवहारात यालाच ‘संगणक हँग झाला’ असे म्हणतात. अशा वेळी बहुधा दोन चुका घडतात. काही जण वारंवार वीज तोडून संगणक पुन्हा सुरू करतात व त्यामुळे आतील फायली बिघडवून घेतात. दुसरे काही जण यंत्रच निकामी झाले असे समजून नव्या संगणकावर खर्च करतात. क्रमवार तपासणी केल्यास या दोन्ही गोष्टी टाळता येतात. पुढील माहिती विंडोज १० व विंडोज ११ या प्रणालींवर चालणाऱ्या संगणकांस अनुलक्षून दिली आहे.

जोडणीनंतरच बिघाड का दिसतो?

इंटरनेटचा वेग कमी असणे आणि संगणक थिजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेग कमी असल्यास पान उघडण्यास वेळ लागतो. परंतु बाण हलतो, दुसरे काम करता येते आणि आधी साठविलेली फाइल उघडते. संपूर्ण संगणकच थिजत असेल तर दोष बहुधा बाहेरच्या जोडणीत नसून संगणकातच असतो.

मग तो जोडणीनंतरच का दिसतो? कालव्याचे दार उघडण्याची वाट पाहत सर्व शेतकरी आपापले बांध फोडून बसले असतील, तर पाणी येताच एकच गर्दी उडते व पोटचारी तुंबते. संगणकातही तसेच घडते. विंडोजची सुधारणा उतरवून घेणारा कार्यक्रम, विषाणूप्रतिबंधक कार्यक्रम, छायाचित्रे व फायली दूरच्या साठ्यात पाठविणारा कार्यक्रम, टपाल तपासणारा कार्यक्रम असे अनेक कार्यक्रम जोडणीची वाट पाहत असतात. जोडणी मिळताच ते सर्व एकदम कामास लागतात. स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, कमी असेल किंवा डिस्क जुनी व मंद असेल तर हा भार तिला पेलवत नाही. हे झाले पहिले कारण. वाय-फायच्या उपकरणाचा किंवा त्यास चालविणाऱ्या ‘ड्रायव्हर’ नावाच्या कार्यक्रमाचा बिघाड, एकमेकांशी झगडणारे दोन विषाणूप्रतिबंधक कार्यक्रम, संगणकात शिरलेले घातक कार्यक्रम, आणि उष्णता किंवा धूळ यांमुळे यंत्रात उत्पन्न झालेला दोष ही अन्य प्रमुख कारणे होत.

तपासणीपूर्वी करावयाची दोन कामे

पहिले काम म्हणजे महत्त्वाच्या फायलींची नक्कल करून ठेवणे. उतारे, पावत्या, हिशेब, बँकेचे कागद, पिकांची व कुटुंबाची छायाचित्रे इत्यादींची नक्कल, इंटरनेट तोडलेल्या स्थितीत, पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरील डिस्कवर घ्यावी. थिजणारा संगणक उद्या सुरू होईलच याची शाश्वती नसते. नव्या संगणकाला पैसे पडतात, परंतु गेलेली नोंद पैसे देऊनही परत मिळेलच असे नाही.

दुसरे काम म्हणजे वहीत नोंद करणे. जोडणी केल्यावर किती मिनिटांनी संगणक थिजला, त्या वेळी काय चालू होते, तक्रार सुरू होण्यापूर्वी कोणता नवीन कार्यक्रम किंवा उपकरण बसविले होते, या तीन गोष्टी लिहाव्यात. जोडणी करताच काही सेकंदांत थिजत असल्यास संशय जोडणीच्या उपकरणावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर घ्यावा. पाच-दहा मिनिटांत हळूहळू मंद होऊन थिजत असल्यास कामाचा भार हे कारण संभवते. केवळ एखादे पान उघडल्यावर थिजत असल्यास ब्राउझर तपासावा.

संगणक खरोखर थिजला आहे काय?

कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ ही कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक अद्याप जागा आहे व केवळ भाराखाली दबला आहे असे समजावे आणि दहा मिनिटे थांबावे. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. तेथे सीपीयू, मेमरी, डिस्क व नेटवर्क असे रकाने असतात. ज्या रकान्यातील आकडा १०० टक्क्यांजवळ गेला असेल त्याच्या शीर्षावर दाबले असता सर्वाधिक भार घालणारा कार्यक्रम वर येतो. त्याचे नाव वहीत टिपून घ्यावे.

दिवा लागत नसेल व कोणताच प्रतिसाद मिळत नसेल तर वीज न तोडता चालू-बंद करण्याचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे. हा अखेरचा उपाय होय. त्याची सवय लावून घेऊ नये.

तीन परीक्षा

शेतावरील प्रयोगात बियाणे, खत व पाणी ही तिन्ही एकाच वेळी बदलली तर उत्पन्न कशामुळे वाढले हे कळत नाही. येथेही एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहून मगच पुढील बदल करावा.

पहिली परीक्षा : वाय-फाय बंद करून व केबल काढून संगणक तासभर वापरावा. याही स्थितीत तो थिजला तर इंटरनेटचा संबंध नाही. दोष यंत्रात किंवा प्रणालीत आहे. थिजला नाही तर पुढील परीक्षा घ्यावी.

दुसरी परीक्षा : जोडणीचा मार्ग बदलावा. नेहमी वाय-फाय वापरत असल्यास राउटरपासून केबल जोडावी. केबल नसल्यास मोबाइलमधील इंटरनेट यूएसबी तारेने द्यावे. वाय-फायवर थिजतो व तारेवर थिजत नाही असे आढळल्यास वाय-फायचे उपकरण किंवा त्याचा ड्रायव्हर सदोष समजावा. सर्व मार्गांनी थिजत असल्यास दोष उपकरणात नसून आतील कार्यक्रमांत असण्याचा संभव अधिक.

तिसरी परीक्षा : संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा. या अवस्थेत विंडोज केवळ अत्यावश्यक कार्यक्रमांनिशी चालते. शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’वर दाबावे. नंतर अनुक्रमे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ व ‘रीस्टार्ट’ निवडून ५ हा आकडा दाबावा. असे केल्याने इंटरनेटसह सेफ मोड मिळतो. या परीक्षेसाठी शक्यतो केबलची जोडणी घ्यावी. काही संगणकांत डिस्क कुलूपबंद असते व या वेळी ‘बिटलॉकर’ची चावी मागितली जाते, ती आधी शोधून ठेवावी. सेफ मोडमध्ये इंटरनेट चालूनही संगणक थिजला नाही, तर यंत्र बहुतांशी निर्दोष असून नंतर बसविलेला एखादा कार्यक्रम किंवा ड्रायव्हर दोषी आहे असा निष्कर्ष काढावा.

कारणपरत्वे उपाय

१. कामाचा भार. डिस्कचा आकडा सतत १०० टक्के राहत असेल व वहीत विंडोज सुधारणेचे नाव आले असेल, तर ते काम अर्धवट तोडू नये. अर्धवट तोडल्यास पुढील जोडणीच्या वेळी ते पुन्हा सुरू होते व तक्रार कायम राहते. ज्या रात्री विजेची खात्री असेल त्या रात्री संगणक इंटरनेटला जोडून चालू ठेवावा व सुधारणा एकदाची पूर्ण होऊ द्यावी. अर्ज भरण्यासारखे निकडीचे काम असल्यास ‘विंडोज अपडेट’मध्ये सुधारणा काही दिवस थांबविण्याची सोय आहे, मात्र काम संपताच ती पुन्हा सुरू करावी.

टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ विभागात जाऊन संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक कार्यक्रम बंद करावेत. सी ड्राइव्हमध्ये निदान १५ ते २० जीबी जागा मोकळी ठेवावी. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम ही किमान मर्यादा आहे. प्रत्यक्ष वापरात ८ जीबी असणे इष्ट. जुन्या संगणकात फिरती हार्ड डिस्क असल्यास ती बदलून एसएसडी बसविल्याने फार मोठा फरक पडतो, आणि हा खर्च नव्या संगणकाच्या मानाने पुष्कळच कमी असतो.

२. दोन विषाणूप्रतिबंधक कार्यक्रम. संरक्षण दुप्पट व्हावे या समजुतीने काही जण असे दोन कार्यक्रम बसवितात. येणारी प्रत्येक फाइल दोघेही तपासू लागतात व परस्परांस अडथळा करतात. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ हा कार्यक्रम मुळातच असतो व घरगुती वापरास तो पुरेसा आहे. बाहेरील कार्यक्रम हवाच असल्यास एकच ठेवावा.

३. जोडणीचे उपकरण व ड्रायव्हर. यूएसबीचे डोंगल असल्यास प्रथम त्याची जागा बदलावी. अनेक खाचांच्या हबमधून न जोडता ते थेट संगणकाच्या मागील बाजूस जोडावे, कारण हबमधून त्यास पुरेशी वीज मिळेलच असे नाही. नंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली उपकरणाचे नाव निवडून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तक्रार नुकत्याच झालेल्या सुधारणेनंतर सुरू झाली असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने पूर्वीचा ड्रायव्हर परत आणता येतो. ते बटण फिकट दिसत असेल तर संगणकाच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणावा. ‘पॉवर मॅनेजमेंट’ हा विभाग दिसत असल्यास, वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून पाहावी. एवढ्याने भागले नाही तर ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क रीसेट’ वापरावे. त्याने वाय-फायचे साठविलेले संकेतशब्द पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत.

४. अज्ञात दोषी कार्यक्रम. सेफ मोडमध्ये संगणक चालतो परंतु दोषी कोण हे कळत नाही, अशा वेळी निम्म्याने वगळण्याची पद्धत उपयोगी पडते. समजा आपोआप सुरू होणारे १६ कार्यक्रम आहेत. त्यांपैकी ८ बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा व इंटरनेट जोडावे. थिजणे थांबले तर दोषी कार्यक्रम बंद केलेल्या आठांत आहे; न थांबल्यास उरलेल्या आठांत आहे. पुढे ४, मग २, मग १ असे करीत गेल्यास चार फेऱ्यांत दोषी सापडतो. तो काढून टाकावा व बाकीचे पूर्ववत सुरू करावेत. विषाणूप्रतिबंधक कार्यक्रम या तपासणीत बंद करावा लागल्यास तेवढ्या वेळात कोणतेही संकेतस्थळ उघडू नये.

५. घातक कार्यक्रम. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा घातक कार्यक्रम जगभर पसरला. विंडोज २००० व विंडोज एक्सपी या त्या वेळच्या प्रणालींवरील असंख्य संगणक इंटरनेट जोडताच थोड्या वेळात आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असत. विशेष म्हणजे त्यावरील सुधारणा एक महिना आधी, जुलै २००३ मध्येच उपलब्ध झाली होती. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, त्यावरील सुधारणाही मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ज्यांनी सुधारणा वेळीच करून घेतली त्यांचे संगणक त्या मार्गाने होणाऱ्या हल्ल्यापासून सुरक्षित राहिले. सुधारणेमुळे संगणक काही काळ मंद होतो म्हणून ती कायमची बंद करणे म्हणजे राखणीचा खर्च नको म्हणून उभे पीक मोकळे सोडणे होय.

संशय आल्यास ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये डिफेंडरची ‘ऑफलाइन’ तपासणी करावी. संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज चालू होण्यापूर्वीच ही तपासणी होत असल्याने लपलेले कार्यक्रमही सापडू शकतात. फुकट मिळतात म्हणून चोरीच्या मार्गाने आलेले कार्यक्रम बसवू नयेत. घातक कार्यक्रम अनेकदा त्यांच्या सोबतच घरात शिरतात. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात ठेवावे. संगणक पात्र असल्यास विंडोज ११ वर जाणे हिताचे.

६. ब्राउझर. केवळ संकेतस्थळे पाहतानाच अडचण येत असल्यास दुसरा ब्राउझर वापरून पाहावा. दुसऱ्यात काम सुरळीत होत असेल तर पहिल्यातील जोडकार्यक्रम, म्हणजे ‘एक्स्टेंशन्स’, काढून टाकावेत, साठलेली जुनी माहिती पुसावी आणि एकाच वेळी अनेक पाने उघडी ठेवू नयेत.

७. उष्णता, धूळ व वीज. ग्रामीण भागात धूळ अधिक व विजेचा दाब अस्थिर असल्याने या कारणाकडे विशेष लक्ष द्यावे. इंटरनेटवर काम वाढते, कामाने उष्णता वाढते, आणि पंख्यात धूळ साचली असल्यास ती बाहेर पडत नाही. मग दोष इंटरनेटचा आहे असा भास होतो. वीज पूर्णपणे तोडून, पंखा बोटाने स्थिर धरून, हवेच्या झोताने धूळ काढावी. धान्याच्या पोत्यांजवळ किंवा चुलीच्या बाजूस संगणक ठेवू नये. डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास सर्व तपासणी थांबवून प्रथम फायली वाचवाव्यात. रॅमची परीक्षा ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ने करता येते. यूपीएस बसविणे हितावह होय. वादळी पावसात विजेची व राउटरची अशा दोन्ही तारा काढून ठेवाव्यात.

खोटे थिजणे व फसवणूक

कधी कधी संपूर्ण पडदा व्यापणारी सूचना येते. संगणकात विषाणू शिरला आहे, तो बंद करू नका, अमुक क्रमांकावर फोन करा, असा मजकूर दिसतो व मोठा आवाज होतो. पडदा थिजल्यासारखा वाटतो. हे थिजणे खोटे असते. त्या क्रमांकावर फोन करू नये. एस्केप कळ काही वेळ दाबून धरावी. न जमल्यास टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि तो पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणू नयेत. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा दुसरीकडून देणारा कार्यक्रम बसवू नये, व बँकेचा ओटीपी कोणासही सांगू नये. पैसे गेल्यास वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्हे साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे.

अर्ज भरताना संगणक थिजल्यास

पैसे भरण्याच्या क्षणी संगणक थिजला तर पुन्हा पैसे भरण्याची घाई करू नये. संगणक सुरू झाल्यावर प्रथम बँकेचा संदेश व खाते पाहावे, नंतर अर्जाची स्थिती पाहावी, आणि पैसे गेले नसल्याची खात्री झाल्यावरच दुसऱ्यांदा भरणा करावा. मुदतीचे काम अखेरच्या दिवसासाठी शिल्लक ठेवू नये. संगणक भरवशाचा नसेल तर गावातील आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज वेळेत भरून घ्यावा. दुरुस्ती मागाहून करता येते, गेलेली मुदत परत येत नाही.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी तक्रार आल्यास प्रथम शेतकऱ्याची वही पाहावी, तीन परीक्षा त्याच्याच हातून करून घ्याव्यात आणि निष्कर्ष त्याच वहीत लिहावेत. संगणक दुरुस्तीकडे पाठविण्याची वेळ आली तर ती वही सोबत द्यावी. कारागिराचा वेळ वाचतो, आणि सुस्थितीतील भाग विनाकारण बदलले जाण्याची शक्यता कमी होते. पुढील क्रम भिंतीवर लिहून ठेवण्यास हरकत नाही :

१. फायलींची नक्कल घ्या व तक्रारीची नोंद करा.
२. इंटरनेट तोडून तासभर चालवून पाहा.
३. जोडणीचा मार्ग बदलून पाहा.
४. सेफ मोडमध्ये इंटरनेट जोडून पाहा.
५. कारण निश्चित झाल्यावर त्यावरचाच उपाय करा.
६. एका वेळी एकच बदल करा व प्रत्येक बदल वहीत लिहा.

या क्रमाने गेल्यास बहुतेक तक्रारी घरच्या घरी, विशेष खर्च न करता दूर होतील. आणि ज्या दूर होणार नाहीत त्यांचे मूळ कोठे आहे हे तरी निश्चितपणे कळेल. पाऊस सुरू होण्यापूर्वी जशी अवजारे दुरुस्त करून ठेवली जातात, तशीच अर्जांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी संगणकाची ही तपासणी उरकून घ्यावी.